सॅमनच्या आधी ॲलवाइफ

मिशिगन सरोवरात सॅमन धरायला शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा आमिषाचा असतो. कोणत्या रंगाचा स्पून, म्हणजे चमच्यासारखे धातूचे आमिष, बांधू? हिरवा की निळा, चांदीच्या पाठीचा की तांब्याच्या? बंदराजवळच्या दुकानांत भिंतभर स्पून टांगलेले असतात, तेव्हा हा प्रश्न पडणारच. पण त्याचा क्रम तिसरा किंवा चौथा आहे. त्याआधी विचारायचे ते असे: हा मासा इथे खातो काय, आणि त्याचे ते खाणे आज सकाळी किती खोल पाण्यात आहे? पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते: ॲलवाइफ. वीतभरही न भरणारा, चंदेरी अंगाचा, आपल्या तारलीच्या कुळातला मासा. दुसऱ्याचे उत्तर रोज बदलते, आणि ते शोधण्याची रीत म्हणजे ट्रोलिंग. हे पुस्तक त्या रीतीबद्दल आहे. त्यात सामानाची माहिती पुष्कळ आहे, गाठी आहेत, तक्ते आहेत. पण ॲलवाइफ विसरून ती वाचली तर फारसा उपयोग होणार नाही, म्हणून प्रस्तावनेत त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

ट्रोलिंगमध्ये बोट मंद वेगाने चालती ठेवायची आणि तिच्यामागून आमिष लावलेली तंगुसे ओढत न्यायची. समुद्राच्या तळावरून जाळे खरवडत नेणाऱ्या ट्रॉलरशी याचा संबंध नाही. इथे जाळे नसते. एका तंगुसाला एक आमिष आणि लागलाच तर एक मासा. कोकणात सुरमईसाठी चालत्या होडीमागे गळ ओढणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते पाणी. मिशिगन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सगळ्या कोकणाच्या जवळजवळ दुप्पट. लांबी ५०० किलोमीटरच्या आसपास, रुंदी काही ठिकाणी १९० किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी. शिकागोच्या काठावर उभे राहिले तर समोरचा काठ दिसत नाही. या पाण्यात सॅमन एखाद्या खडकापाशी घर करून राहत नाही. खाण्यामागे तो दिवसाला कितीतरी मैल फिरतो. त्याच्यासाठी नांगर टाकून वाट पाहत बसणे व्यर्थ. आपणही चालत राहून त्याची वाट कापावी लागते.

शिकागो, मिलवॉकी, ग्रँड रॅपिड्स या पट्ट्यात आता पुष्कळ मराठी घरे आहेत. त्यांतल्या कित्येकांना माशांची आवड पिढीजात आहे. तरी सरोवर त्यांच्या वाट्याला येते ते काठावर फिरायला जाण्यापुरते. मासा बाजारातून येतो, आणि तो बहुधा नॉर्वेच्या किंवा चिलीच्या पिंजऱ्यात वाढवलेला असतो. दारासमोरच्या पाण्यात काय चालले आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत कुणीतरी सांगावे, एवढ्यासाठी हे मराठीत लिहिले.

सॅमन या सरोवराचा मूळचा रहिवासी नव्हे. इथला मूळचा मोठा शिकारी मासा लेक ट्राउट. ओडावा, ओजिब्वे, पोटावाटोमी या इथल्या लोकांनी शतकानुशतके तो धरला, आणि पुढे व्यापारी मासेमारीही बरीचशी त्याच्यावर आणि व्हाइटफिशवर चालली. नायगाराच्या धबधब्याने वरची सरोवरे अटलांटिकपासून तोडून ठेवली होती. जहाजांना तो धबधबा टाळून जाता यावे म्हणून वेलंड कालवा खोदला. १८२९ मध्ये तो खुला झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने रुंद आणि खोल होत गेला. जहाजांसाठी केलेली ही वाट माशांनाही मोकळी झाली. सी लॅम्प्री नावाचा, वामीसारखा लांबट, जबडा नसलेला जीव १९२१ मध्ये ईरी सरोवरात आणि १९३६ मध्ये मिशिगन सरोवरात सापडला. गोल, दातेरी तोंडाने तो दुसऱ्या माशाच्या अंगाला चिकटतो आणि त्याचे रक्त शोषतो. लेक ट्राउटला अशा शत्रूची सवय नव्हती. माणसांची बेसुमार मासेमारी चालूच होती, त्यात लॅम्प्रीची भर पडली. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिशिगन सरोवरातून लेक ट्राउट जवळजवळ नाहीसा झाला.

त्याच वाटेने ॲलवाइफ आला. १९४९ मध्ये तो मिशिगन सरोवरात पहिल्यांदा आढळला. त्याला खाणारा कुणी उरलाच नव्हता, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत सरोवरातल्या माशांच्या एकूण वजनाचा फार मोठा भाग या एकट्याचा झाला. मुळात तो समुद्राचा. इथला कडक हिवाळा आणि वसंतातले तापमानाचे चढउतार त्याला सोसत नाहीत. १९६७ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात तो एवढ्या संख्येने मेला की शिकागोपासून मिशिगन राज्याच्या किनाऱ्यापर्यंत काठावर मेलेल्या माशांचे थर साचले आणि ते उचलायला बुलडोझर लावावे लागले. पोहण्याच्या जागा बंद पडल्या. दुर्गंधीने काठावरची घरे आणि हॉटेले ओस पडली.

दरम्यान लॅम्प्रीवर उपाय सापडला होता. ह्युरॉन सरोवराच्या काठी हॅमंड बे इथल्या संशोधन केंद्रात व्हर्नन ॲपलगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रसायने तपासली, आणि त्यांतून टीएफएम हे रसायन निवडले. योग्य प्रमाणात घातले तर ते नदीच्या गाळात वाढणारी लॅम्प्रीची पिल्ले मारते आणि बहुतेक इतर माशांना सोडून देते. १९५८ पासून त्याचा वापर सुरू झाला, आणि आजही तो थांबवता येत नाही. थांबवला तर लॅम्प्री पुन्हा वाढेल. आज सरोवरात जो काही मोठा मासा आहे, तो या न संपणाऱ्या कामाच्या आधारावर आहे.

१९६४ मध्ये हॉवर्ड टॅनर मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झाले तेव्हा त्यांच्यासमोरचे चित्र असे होते: लॅम्प्री आटोक्यात येऊ लागलेला, मोठा शिकारी मासा गेलेला, आणि पाण्यात ॲलवाइफ नको तेवढा. ॲलवाइफ जाळ्याने काढून त्याचे खत आणि पशुखाद्य करावे, असे म्हणणारे होते. टॅनर यांनी त्याला खाणारा मासा आणायचे ठरवले. एकोणिसाव्या शतकात पॅसिफिक महासागरातला सॅमन या सरोवरांत सोडण्याचे प्रयत्न झाले होते आणि फसले होते. तरीही ओरेगॉन राज्याकडून कोहो सॅमनची दहा लाख अंडी मिळवून ती मिशिगनच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवली गेली. २ एप्रिल १९६६ रोजी प्लॅट नदीत कोहोची पिल्ले सोडली, आणि १९६७ मध्ये चिनूक सॅमनची. टॅनर विद्यापीठात गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या वेन टोडी यांनी काम पुढे नेले. मधल्या काळात सॅमनने जे खायचे तेच खाल्ले. कोहो दीड वर्षात हातभर झाले. चिनूक तीन-चार वर्षांत दहा-पंधरा किलोपर्यंत वाढू लागले.

एक परका मासा माजला म्हणून दुसरा परका मासा आणून सोडणे, हा निर्णय आज कुणी सहजासहजी घेणार नाही, आणि घेऊही नये. पण त्या वेळी हाताशी जे ज्ञान होते त्यातून तो घेतला गेला आणि त्याने सरोवराचे रूप पालटले, हे मान्य करायला हवे. ट्रोलिंग शिकणाऱ्याला यातून एक गोष्ट पक्की समजते. इथला सॅमन ॲलवाइफसाठी आणला गेला आणि आजही ॲलवाइफच्याच मागे फिरतो. कोहो आणि या सरोवरातला स्टीलहेड ट्राउट वेळप्रसंगी कीटक, इतर लहान मासे, जे मिळेल ते खातात. चिनूकचे तसे नाही. त्याच्या पोटात बहुतेक वेळा ॲलवाइफच सापडतो. तो जिथे जाईल तिथे चिनूक जाईल.

मग ॲलवाइफ कुठे जातो? याचे उत्तर पाण्याच्या थरांत आहे. नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ या प्रकरणाला द्यावा.

हिवाळ्यात सरोवर वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखेच गार असते. वसंतात उथळ किनारा आधी तापतो. जूननंतर मात्र पाण्याचे थर स्पष्ट वेगळे होतात: वर उन्हाने तापलेले हलके पाणी, तळाशी चार अंशांच्या आसपासचे जड गार पाणी, आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा, जिथे काही मीटरच्या अंतरात तापमान झपाट्याने उतरते. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. चिनूकला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. बोटीवरची उपकरणे फॅरनहाइट दाखवतात, त्यांवर ५० ते ५५ हा आकडा लक्षात ठेवावा. ॲलवाइफला याहून थोडे उबदार पाणी चालते. दोघांची गाठ पडते ती या पट्ट्याच्या आसपास. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये शंभर मीटर खोल पाण्यावर बोट असली तरी आमिष कदाचित वीस मीटरवरच हवे असते, आणि ते तीस मीटरवर गेले तर रिकाम्या अंधारात फिरते.

हा पट्टा एका जागी राहिला असता तर ट्रोलिंग आठवड्याभरात शिकता आले असते. वारा त्याला हलवतो. मिलवॉकीच्या बाजूला, म्हणजे पश्चिम काठावर, दोन-तीन दिवस दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा लागून राहिला, की वरचे उबदार पाणी काठापासून दूर सरकते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थराचे पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे ढकलले जाते, म्हणून दक्षिणेचा वारा ते पूर्वेला नेतो. त्याची जागा भरायला तळाचे गार पाणी काठापाशी वर येते. काल पोहायला बरे वाटणारे वीस अंशांचे पाणी रात्रीतून दहावर आलेले असते. पोहणारे काठावरून परत जातात, आणि ट्रोलिंग करणाऱ्याला ही चांगली बातमी असते, कारण सॅमनच्या आवडीचे पाणी आता बंदराच्या तोंडाशी आलेले असते. त्याच वेळी समोर, मिशिगन राज्याच्या काठाला, उबदार पाण्याचा ढीग लागतो आणि मासा खोल जातो. उत्तरेचा वारा लागला की सगळे उलटे.

म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री स्पूनची पेटी उघडण्याआधी मागच्या तीन दिवसांचा वारा पाहावा. नोआ या अमेरिकेच्या हवामान आणि सागर संस्थेच्या तरंगत्या बोयांवरून आणि उपग्रहांवरून पृष्ठभागाचे तापमान कळते. बोटीवर फिशफाइंडर असेल तर ॲलवाइफचे थवे पडद्यावर ढगांसारखे दिसतात, आणि थर्मोक्लाइनही बऱ्याचदा धुरकट रेघ होऊन उमटते. ज्या खोलीवर ढग आणि रेघ जवळ येतात, तिथून सुरुवात करावी.

आता सामान. सामानाची सगळी खटपट एकाच कामासाठी आहे: आमिष ठरवलेल्या खोलीवर नेणे आणि तिथे टिकवणे. डाउनरिगर हे यातले सर्वांत सरळ साधन. बोटीच्या काठावर एक छोटा रहाट, त्याला तारेवर पाच किलोच्या आसपासचा शिशाचा गोळा, आणि गोळ्याजवळ एक क्लिप. रॉडचे तंगूस त्या क्लिपमध्ये अडकवायचे आणि गोळा खाली सोडायचा. रहाटावरचा आकडा खोली सांगतो. मासा लागला की तंगूस क्लिपमधून सुटते, वाकवून ठेवलेला रॉड ताडकन सरळ होतो, आणि मग माशाशी झुंज घेताना त्या वजनाचा अडथळा राहत नाही. मात्र बोट चालत असल्याने तार सरळ खाली न राहता मागे झुकते, आणि जितके खोल जावे तितकी जास्त झुकते. आकडा तीस मीटर दाखवत असेल तर गोळा त्याहून वर असतो. हे ध्यानात न घेतल्याने आमिष माशाच्या वरून जात राहते.

डायव्हर म्हणजे ताटलीसारखी तिरकी चकती. पाण्याच्या दाबाने ती खाली आणि बाजूला जाते, आणि तिच्या मागे आमिष. लेडकोर हे शिशाची तार पोटात असलेले तंगूस. दर दहा यार्डांना त्याचा रंग बदलतो आणि प्रत्येक रंगामागे ते साधारण पाच फूट खाली जाते, म्हणून इथले लोक 'पाच रंग सोडले', 'दहा रंग सोडले' असे बोलतात. प्लेनर बोर्ड तंगुसांना बोटीपासून बाजूला दूर नेतात. वसंतात मासा वरच्या पाण्यात असतो आणि बोटीची सावली पडताच बाजूला सरतो, तेव्हा त्यांच्यावाचून चालत नाही. आमिषे मुख्यतः तीन: स्पून, प्लग, आणि फ्लॅशरमागे बांधलेली चमकती फ्लाय. पुढे प्रत्येकावर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे वाढवत नाही.

पहिल्या मोसमात दोन रॉड पुरेत, असे माझे ठाम मत आहे. एक डाउनरिगरवर, एक डायव्हरवर. चार्टर बोटींवर दहा-बारा रॉड एकदम पाण्यात असतात आणि पाहताना फार छान वाटते. पण तिथे सुकाणू एकाकडे असते, तंगुसे दुसऱ्याकडे, आणि दोघांनीही वर्षानुवर्षे तेच काम केलेले असते. शिकणाऱ्याने सहा रॉड लावले तर त्याचा दिवस गुंते सोडवण्यात जातो, आणि मासा लागलाच तर तो कशामुळे लागला हे कळत नाही. दोन रॉडवर कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी: खोली बदलली तर रंग तोच ठेवावा, रंग बदलला तर खोली. आणि लागलेल्या प्रत्येक माशाची नोंद तिथल्या तिथे करावी. वेळ, जागा, तळाची खोली, आमिषाची खोली, बोटीची दिशा, वेग, वारा. या वहीसारखा दुसरा शिक्षक नाही.

या नोंदीत वेगाला नवशिके कमी लेखतात. ताशी दोन ते तीन मैल हा चिनूकसाठीचा साधारण वेग. पण जीपीएस जो वेग दाखवते तो जमिनीच्या हिशेबाने असतो, आणि आमिषाला लागतो तो पाण्याच्या हिशेबाने. सरोवराच्या खालच्या थरांत प्रवाह असतात आणि ते वरच्या पाण्याच्या दिशेनेच वाहतील असे नाही. उत्तरेकडे जाताना मासे लागतात, वळून त्याच वाटेने दक्षिणेला येताना काहीच नाही, असा अनुभव इथे रोज कुणालातरी येतो. मासे तिथेच असतात. एका दिशेला आमिष जिवंत माशासारखे झुलत असते, दुसऱ्या दिशेला ते मरगळलेले असते किंवा भिरभिरत सुटलेले असते. गोळ्याजवळ बसवायचे वेगमापक मिळते, पण ते महाग आहे. ते नसेल तर तारेचा तिरपेपणा पाहावा. दोन्ही दिशांना तार सारखी झुकेल असा वेग ठेवला की खूप फरक पडतो. वळणांवरही लक्ष असू द्यावे. बोट वळते तेव्हा आतल्या बाजूचे आमिष मंदावून खाली जाते, बाहेरच्या बाजूचे वेग घेऊन वर येते. मासा कोणत्या बाजूला लागला यावरून त्याला आज काय हवे ते समजते, आणि मग सरळ जातानाही तसाच वेग देता येतो.

वर्षाचे चक्र थोडक्यात असे. एप्रिलमध्ये कोहो सरोवराच्या दक्षिण टोकाला, इंडियानातल्या मिशिगन सिटीपासून शिकागोपर्यंतच्या उथळ, लवकर तापणाऱ्या पाण्यात जमतात. लहान बोटीला आणि नवशिक्याला याहून सोपा काळ नाही. पाणी तापत जाते तसा मासा उत्तरेला सरकतो: वॉकेगन, केनोशा, रसीन, मिलवॉकी. जुलै-ऑगस्ट चिनूकचे, पहाटेच्या अंधारात निघून सूर्य वर येण्याआधी पहिला फेरा मारायचे. सप्टेंबरकडे वयात आलेला चिनूक खाणे सोडत जातो आणि जिथे जन्मला किंवा सोडला गेला त्या नदीच्या मुखाशी परततो. अंडी घातल्यावर तो मरतो.

चिनूक आणि कोहो ओळखायला तोंड उघडून पाहावे: चिनूकच्या दातांच्या मुळाशी हिरडी काळी असते, कोहोची फिकट. चिनूकच्या सगळ्या शेपटीवर ठिपके असतात, कोहोच्या फक्त वरच्या अर्ध्यावर. सरोवराला चार राज्ये लागतात आणि परवाना, रॉडची संख्या, दिवसाला किती मासे ठेवायचे हे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. त्या-त्या वर्षाची नियमपुस्तिका पाहूनच निघावे.

एक तारीख प्रत्येक शिकणाऱ्याला माहीत असावी: २३ सप्टेंबर १९६७. त्या शरदात पहिले मोठे कोहो प्लॅट नदीच्या मुखाशी परतले होते आणि लांबलांबून लोक मिळेल ती होडी घेऊन आले होते. वादळाचा इशारा दिलेला होता. मासे एवढे लागत होते की कित्येकांनी तो मनावर घेतला नाही. वारा उठला, लहान होड्या उलटल्या, आणि सात जण बुडाले. सरोवर गोड्या पाण्याचे आहे म्हणून त्याला तलाव समजणाऱ्याची गत अजूनही तीच होऊ शकते. इथल्या लाटा समुद्राच्या लाटांपेक्षा आखूड आणि उभ्या असतात, एकीमागोमाग एक येतात, आणि लहान बोटीला सावरायला वेळ देत नाहीत. मे महिन्यात हवा उबदार असली तरी पाणी सात-आठ अंशांवर असते. त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. लाइफ जॅकेट अंगात असावे, बाकाखाली नव्हे. व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलवर चालू असावा. परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. लाटांचा अंदाज बोटीच्या मानाने जास्त असेल तर जाऊ नये. मासा पुढच्या आठवड्यातही असेल.

तो पुढच्या दशकातही असेल का, हा अधिक अवघड प्रश्न आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काळ्या समुद्राच्या परिसरातले झेब्रा आणि क्वागा शिंपले परदेशी जहाजांनी तोल राखायला भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे या मोठ्या सरोवरांच्या समूहात, आले. क्वागा खोल गार पाण्यातही वाढतो, आणि आज मिशिगन सरोवराच्या तळाचा फार मोठा भाग त्याने व्यापला आहे. प्रत्येक शिंपला पाणी गाळून त्यातले सूक्ष्म वनस्पतिजीवन खातो. पाणी नितळ झाले, काठावरून पाहणाऱ्याला ते सुंदर दिसते. पण ॲलवाइफ ज्या सूक्ष्म प्राण्यांवर जगतो त्यांचे खाणे त्यामुळे आटले. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास ॲलवाइफ कोसळला आणि त्याच्यामागे चिनूकही. चिनूकवर चालणारी काठावरची छोटी बंदरे सुनी पडली.

मिशिगन सरोवराभोवतीच्या राज्यांनी त्यातून धडा घेतला. २०१३ मध्ये त्यांनी सोडायच्या चिनूकची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली, म्हणजे उरलेल्या ॲलवाइफवर खाणाऱ्यांचा ताण कमी पडेल. काठावरच्या अनेकांना हे पटले नाही. मासे कमी सोडून मासेमारी कशी वाचेल, असे ते विचारत. मला तो निर्णय योग्य वाटतो. खाणे नसताना खाणारे वाढवले तर दोन्ही जातात, हे ह्युरॉनने दाखवले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये लडिंग्टनजवळ ४७.८६ पौंडांचा चिनूक मिळाला आणि मिशिगन राज्याचा १९७८ पासूनचा विक्रम मोडला. एका माशावरून सरोवराची तब्येत सिद्ध होत नाही, पण भरपूर खायला मिळाल्याशिवाय मासा एवढा होत नाही, हेही खरे.

पकडलेला मासा घरी नेणार असाल तर बोटीवरच त्याचे रक्त काढून तो बर्फात ठेवा. वसंतातला कोहो तिखट, मीठ, कोकमाचे आगळ लावून रव्यात तळला तर चवीला उत्तम लागतो. मोठ्या चिनूकच्या बाबतीत मात्र मराठी घरांना एक विनंती. पीसीबी ही औद्योगिक रसायने कित्येक वर्षे या पाण्यात मिसळत राहिली. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, तरी ती नष्ट होत नाहीत. चरबीत साठतात, आणि मासा जितका मोठा आणि वयस्क तितकी जास्त. म्हणून कातडी, पोटाकडची चरबी आणि बाजूची काळपट पट्टी काढून टाकावी, आणि चरबी निथळून जाईल असे भाजावे. आपल्याकडे डोक्याचे कालवण आवडीने करतात. त्यात चरबी रश्श्यातच उतरते आणि पोटात जाते. मोठ्या चिनूकच्या डोक्याचे कालवण करू नये. किती खावे याचे तक्ते प्रत्येक राज्याचे आरोग्य खाते छापते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी त्यांत वेगळे आकडे असतात, ते पाळावेत.

त्या डोक्याचा दुसरा उपयोग आहे. हॅचरीतून सोडलेल्या पिल्लांचा शेपटीजवळचा पाठीवरचा लहान मांसल पर कापतात आणि नाकाडात मिलिमीटरभर लांबीची खुणेची तार बसवतात. तिच्यावरून मासा कुठे आणि कधी सोडला ते कळते. मिशिगन सरोवरातले निम्म्याहून अधिक चिनूक आता सोडलेले नसून नद्यांत आपोआप जन्मलेले आहेत, हे याच खुणांमुळे समजले, आणि किती मासे सोडायचे याचा हिशेब त्यावर बसतो. तुमच्या माशाचा तो पर कापलेला दिसला तर डोके पाण्यात फेकू नका. राज्याच्या मत्स्यविभागाने बंदरांवर नेमून दिलेल्या ठिकाणी, मासा कुठे आणि कधी मिळाला ते चिठ्ठीवर लिहून, ते जमा करा.